पराभूताची खात्री



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो ते आयुष्यभर शिक्षक होते. आपल्याकडे शिक्षक म्हटला की निवडणुकीची ड्यूटी आलीच. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, शाळेच्याच वर्गात मुक्काम करायचा, पहाटे उठून अभिरूप मतदान घ्यायचं आणि संध्याकाळी यंत्रातला आकडा नोंदवहीतल्या आकड्याशी जुळेपर्यंत जागचं हलायचं नाही. निवडणुकीबद्दल आपण तावातावाने बोलतो ते नेते, पक्ष, लाटा आणि जातींची समीकरणं यांच्याबद्दल. मत नोंदवणारे, ते जपणारे, मोजणारे आणि हे सगळं ज्या नियमांनी चालतं ते नियम यांच्याकडे आपलं लक्ष क्वचितच जातं. म्हणून आज मी अशा एका निवडणुकीची हकीकत सांगणार आहे, जिचा सगळा भार शेवटी याच कामावर येऊन पडला. ही निवडणूक होती अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरपदाची, साल २००४.

हे वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकेची राजधानी नव्हे. हे राज्य पार पश्चिमेला, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, कॅनडाच्या सीमेला लागून आहे. सिएटल हे त्यातलं सगळ्यात मोठं शहर आणि ऑलिंपिया ही राजधानी. रेडमंड आणि बेलव्ह्यू ही तिथली गावं आपल्यापैकी अनेकांना लेकी-मुलांच्या पत्त्यांमुळे माहीत असतील. तिथला गव्हर्नर मात्र आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. तो थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष तोच चालवतो. आपल्याही घटना समितीने १९४७ मध्ये राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा असं आधी ठरवलं होतं. १९४९ मध्ये हा विचार सोडून दिला गेला. जनतेने निवडलेला राज्यपाल आणि विधानसभेला जबाबदार असलेला मुख्यमंत्री एकमेकांसमोर उभे ठाकतील, ही चिंता त्यामागे होती. त्यामुळे संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ आणि राज्याच्या प्रमुखपदासाठी लाखोंची मोजणी, हा अनुभव आपल्याला नाही. वॉशिंग्टनला तो त्या वर्षी पुरेपूर आला.

गॅरी लॉक हे तेव्हाचे गव्हर्नर पुन्हा उभे राहिले नव्हते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार होत्या ख्रिस्टीन ग्रेग्वार. त्या राज्याच्या ॲटर्नी जनरल म्हणून तीनदा निवडून आलेल्या. तंबाखू कंपन्यांना अनेक राज्यांशी तडजोड करायला लावणाऱ्या १९९८ च्या वाटाघाटींमुळे त्यांचं नाव देशभर झालं होतं. समोर रिपब्लिकन पक्षाचे डिनो रॉसी. जमीन-घरांच्या व्यवसायातला माणूस आणि राज्याच्या सिनेटमध्ये अर्थसंकल्पाचं काम सांभाळलेला. या राज्याचे कॅस्केड पर्वतरांगेने दोन भाग पडतात. पूर्वेला गहू आणि सफरचंदांचा मुलूख, तो रिपब्लिकनांचा. पश्चिमेला सिएटल आणि त्याभोवतीची दाट वस्ती, ती डेमोक्रॅटांची. रॉसी बहुतेक काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, पुढे होते. ग्रेग्वार यांची भिस्त होती ती सिएटल ज्या काउंटीत येतं त्या किंग काउंटीवर.

२ नोव्हेंबरला मतदान झालं. सुमारे २८ लाख मतं पडली. पहिली मोजणी पूर्ण झाली तेव्हा रॉसी यांना १३,७१,४१४ आणि ग्रेग्वार यांना १३,७१,१५३ मतं होती. फरक २६१ मतांचा.

यापुढे काय करायचं हा प्रश्न कुणाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. फरक २,००० पेक्षा कमी आणि अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर यंत्रांनी फेरमोजणी झालीच पाहिजे, असं राज्याच्या कायद्यात आधीपासून लिहिलेलं होतं. कुणी अर्ज करायला नको, कुणी धरणं धरायला नको. त्याप्रमाणे सगळ्या, म्हणजे ३९ काउंट्यांत मतपत्रिका पुन्हा यंत्रांतून गेल्या आणि फरक उरला ४२ मतांचा. अजूनही रॉसीच पुढे होते.

आता कायद्याने दुसरी वाट मोकळी होती. हरलेल्या पक्षाला हाताने मोजणी मागता येत होती, पण खर्चाची रक्कम आधी भरून. निकाल फिरला तर पैसे परत, नाही फिरला तर गेले. डेमोक्रॅटिक पक्षाने सुमारे ७ लाख ३० हजार डॉलर भरले आणि डिसेंबरच्या थंडीत २८ लाख मतपत्रिका माणसांच्या हातांखालून जाऊ लागल्या.

हाताने मोजल्यावर आकडा बदलतोच कसा, असं कुणालाही वाटेल. यंत्र ठरावीक जागची ठरावीक काळी खूण वाचतं. मतदार मात्र माणूस असतो. कुणी लंबवर्तुळ भरण्याऐवजी नावाभोवती गोल काढतो, कुणी फिकट पेन्सिल वापरतो, कुणी चुकून एक खूण करून ती खोडतो आणि दुसरी करतो. कायदा म्हणतो, मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर ते मत धरा. हेतू ओळखायला डोळे लागतात. म्हणून टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं बसवायची आणि दोघांच्या देखत प्रत्येक पत्रिका वाचायची. शंका असलेली पत्रिका बाजूला काढून काउंटीच्या मतमोजणी मंडळापुढे ठेवायची. काम संथ आणि कंटाळवाणं, पण निम्म्या राज्याचा विश्वास त्या कंटाळवाण्या कामावरच टिकून होता.

मोजणी चालू असताना किंग काउंटीत एक गोष्ट उघडकीला आली. टपालाने आलेल्या मताच्या बाहेरच्या पाकिटावर मतदाराची सही असते. कर्मचारी ती सही संगणकातल्या सहीशी ताडून बघतात. काही मतदारांची सही संगणकात चढवलेलीच नव्हती. अशा वेळी कपाटातला नोंदणीचा मूळ कागद काढून सही बघायची, असा नियम होता. तो कागद न काढता ती पाकिटं बाद म्हणून बाजूला ठेवली गेली होती. बाद झालेल्यांची यादी चाळताना काउंटी परिषदेचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स यांना त्यात स्वतःचंच नाव दिसलं. आपली सही तर नेहमीसारखीच आहे, मग मत बाद कसं, असं त्यांनी विचारलं. त्या प्रश्नाच्या मागोमाग शोध घेतल्यावर अशी सातशेहून अधिक पाकिटं निघाली. त्या घराघरांतल्या मतदारांनी आपलं कर्तव्य बिनचूक केलं होतं. चूक कचेरीची होती.

रिपब्लिकन पक्ष न्यायालयात गेला आणि खालच्या न्यायालयाने ही पाकिटं उघडायला मनाई केली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच न्यायालयाने आठवडाभर आधी डेमोक्रॅटांची मागणी एकमताने फेटाळली होती. राज्यभरातली सगळी बाद मतं नव्याने तपासा, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं होतं, फेरमोजणी म्हणजे मोजलेलं पुन्हा मोजणं, सगळे निर्णय मुळापासून उकरणं नव्हे. आता २२ डिसेंबरला, तेही एकमताने, त्याच न्यायालयाने ठरवलं की काउंटीच्या मंडळाला स्वतःची उघड झालेली चूक दुरुस्त करण्याचा अधिकार आहे. एक निकाल एका पक्षाच्या विरोधात, दुसरा दुसऱ्याच्या विरोधात, आणि दोन्ही कायद्याच्या त्याच कलमांच्या वाचनातून. पाकिटं उघडण्याआधी ग्रेग्वार अवघ्या १० मतांनी पुढे गेल्या होत्या. तपासून ग्राह्य ठरलेली मतं मिळवल्यावर अंतिम आकडे आले ते असे : ग्रेग्वार १३,७३,३६१, रॉसी १३,७३,२३२. फरक १२९. साधारण बावीस हजार मतांमागे एक मत.

३० डिसेंबरला या निकालावर शिक्कामोर्तब केलं ते राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट सॅम रीड यांनी. रीड स्वतः रिपब्लिकन. आपल्याच पक्षाचा उमेदवार दोन मोजण्यांत पुढे होता, तिसरीत मागे पडला, आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याला विजयी घोषित करणाऱ्या कागदावर सही यांची. पक्षातून त्यांच्यावर राग निघाला. त्यांनी नियमाप्रमाणे काम केलं आणि २००८ मध्ये मतदारांनी त्यांना त्याच पदावर पुन्हा निवडून दिलं.

१२ जानेवारी २००५ ला ग्रेग्वार यांनी शपथ घेतली. रॉसी आणि त्यांचा पक्ष निवडणूक रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात गेला होता. त्यांनी न्यायालय निवडलं ते पूर्वेकडचं, सफरचंदांच्या मुलखातल्या वेनॅची गावचं. न्यायाधीश होते जॉन ब्रिजेस. सुनावणीत दोन्ही बाजूंनी साक्षी-पुरावे आले आणि निवडणूक यंत्रणेची लक्तरं वेशीवर टांगली गेली. मतदानाचा हक्क गमावलेल्या गुन्हेगारांनी मतं दिली होती. मृत व्यक्तींच्या नावे मतं पडली होती. पात्रता तपासायच्या आधीच काही तात्पुरत्या मतपत्रिका यंत्रांत गेल्या होत्या. न्यायाधीशांनी यातलं काहीही झाकलं नाही. १,६७८ मतं बेकायदा पडली असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला. विजयाचं अंतर होतं १२९. म्हणजे बेकायदा मतं अंतराच्या तेरापट.

मग निवडणूक रद्द का झाली नाही? मला या हकीकतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते या प्रश्नाचं उत्तर. मतदान गुप्त असतं. पाकिटातून निघालेली मतपत्रिका गठ्ठ्यात मिसळली की ती कुणाची हे कुणीच सांगू शकत नाही. ही १,६७८ मतं कुणाला गेली? रॉसी यांच्या तज्ज्ञांनी मार्ग सुचवला. ज्या केंद्रावर बेकायदा मत पडलं, त्या केंद्रातल्या मतांच्या प्रमाणात ते दोघांच्या खात्यांतून वजा करा. न्यायाधीशांनी तो नाकारला. एखादा माणूस शेजाऱ्यांसारखंच मत देतो असं धरून चालता येत नाही. पुराव्याशिवाय केवळ अंदाजावर लोकांचा निकाल फिरवणं हा न्यायालयाचा अहंकार ठरेल, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. ज्या मतांबद्दल पुरावा होता ती मात्र त्यांनी वजा केली. हक्क नसताना मत दिलेल्या चार गुन्हेगारांनी आपण रॉसी यांना मत दिल्याचं सांगितलं होतं. ती चार मतं रॉसी यांच्या खात्यातून गेली आणि अंतर १३३ झालं. ६ जून २००५ ला हा निकाल लागला.

त्याच दिवशी रॉसी यांनी जाहीर केलं की ते अपिलात जाणार नाहीत. त्यांनी मन मोठं करून विजेत्याचं कौतुक वगैरे केलं नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची राजकीय घडण पाहता तिथे आपल्याला न्याय मिळणं जवळजवळ अशक्य आहे, असं त्यांनी उघड म्हटलं. पण लढाई तिथे थांबली. २००८ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर उभे राहिले आणि तेव्हा ग्रेग्वार यांना सुमारे ५३ टक्के मतं मिळाली.

श्रोतेहो, मला आज जे सांगायचं आहे ते इथे येऊन पोचतं. निवडणूक जिंकणारा निकाल मान्य करतो यात विशेष काही नाही. निवडणुकीची कसोटी लागते ती हरणाऱ्यापाशी. हरलेल्या माणसाला, त्याच्या कार्यकर्त्यांना, त्याला मत देणाऱ्या लाखोंना आपण हरलो हे पटलं पाहिजे. ते त्यांना आवडण्याची गरज नाही, पटण्याची गरज आहे. आणि हे पटवणं हे सभ्यतेच्या आवाहनावर सोडून चालत नाही. ते यंत्रणेचं काम आहे. 'निकाल लागला, आता गप्प बसा' असं म्हणून कुणाला पटत नाही. वॉशिंग्टनमध्ये चुका भरपूर झाल्या. तरीही निकाल टिकला, कारण हरणाऱ्याला प्रत्येक टेबलावर आपला माणूस बसवता आला, प्रत्येक आकडा मागता आला, न्यायालयात प्रत्येक शंका मांडता आली, आणि हे सगळं कसं करायचं ते मतदानाच्या आधीच लिहून ठेवलेलं होतं.

हे नसलं तर काय होतं, तेही अमेरिकेतच पाहायला मिळतं. १९४६ मध्ये जॉर्जिया राज्यात युजीन टॅल्मेज गव्हर्नरपदी निवडून आले आणि शपथ घेण्याआधीच, २१ डिसेंबरला वारले. निवडून आलेला माणूस असा गेला तर पुढे काय, याबद्दल त्या राज्याची घटना स्पष्ट नव्हती. निकालात ज्यांना मतं पडली त्यांतून विधिमंडळाने निवड करावी, असा अर्थ टॅल्मेज यांच्या गोटाने लावला. युजीन आजारी असल्याचं ठाऊक असल्याने त्यांचा मुलगा हर्मन याचं नाव काहींनी मतपत्रिकेवर हाताने लिहिलेलं होतं. ती मतं मोजली तर हर्मन मागे पडत होता. मग त्यांच्या स्वतःच्या टेलफेअर काउंटीतून आणखी मतं 'सापडली' आणि तो पुढे गेला. पुढे 'अटलांटा जर्नल'चे बातमीदार जॉर्ज गुडविन यांनी मतदारांची यादीच तपासली. त्यात मृतांची नावं होती, आणि ओळीने मत देणाऱ्यांची नावं वर्णानुक्रमाने लागलेली होती. या शोधाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. दरम्यान मावळते गव्हर्नर एलिस आर्नल खुर्ची सोडायला तयार नव्हते, नवनिर्वाचित लेफ्टनंट गव्हर्नर एम. ई. थॉम्प्सन आपला हक्क सांगत होते, आणि हर्मनच्या माणसांनी गव्हर्नरच्या कचेरीचा ताबा घेऊन कुलपं बदलली होती. एका राज्याला एकाच वेळी तीन गव्हर्नर झाले. मार्च १९४७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉम्प्सन यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा हा प्रकार संपला.

जॉर्जिया आणि वॉशिंग्टन, दोन्हीकडे मृतांच्या नावे मतं पडली. फरक कशात होता? जॉर्जियात वाद उभा राहिल्यावर नियम शोधावे लागले, आणि ज्याच्या हाती कुलूप त्याची कचेरी असा न्याय झाला. वॉशिंग्टनमध्ये नियम आधीच होते आणि वही सगळ्यांसमोर उघडी होती. शिवाय वॉशिंग्टनने नंतर आपल्या चुकांवर काम केलं. राज्यभराची एकच संगणकीय मतदार यादी आली. किंग काउंटीत निवडणूक संचालकाचं पद लोकांनी निवडायचं झालं. शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर आलेल्यांना मतदानाचा हक्क कधी परत मिळतो, यातला गोंधळ २००९ च्या कायद्याने बराच दूर केला.

आता आपल्याकडे वळतो. थोड्या मतांच्या फरकाचं अप्रूप आपल्याला नाही. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना समान मतं पडली आणि चिठ्ठी टाकून शहा विजयी ठरले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांचा ४८ मतांनी पराभव केला आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. या निकालांच्या खरेखोटेपणात मला शिरायचं नाही. मला विचारायचंय एवढंच, की अशा वेळी हरलेल्याच्या हातात काय असतं?

बरंच काही असतं, आणि ते आपण ओळखलं पाहिजे. मतदान संपताना केंद्राध्यक्ष एकूण मतांची नोंद करून सतरा-सी नमुन्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतात. मोजणीच्या दिवशी यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडता येतो. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हाताने मोजल्या जातात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत ठरावीक प्रमाणात यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. खर्च आधी भरायचा, यंत्रात फेरफार सिद्ध झाला तर परत मिळायचा. आणि आपलं सर्वोच्च न्यायालय १९५४ पासून तेच सांगत आलं आहे, जे वेनॅचीच्या न्यायाधीशांनी सांगितलं : चूक झाली एवढं दाखवून भागत नाही, त्या चुकीने निकाल बदलला हे सिद्ध करावं लागतं.

पण उणिवाही आहेत. फेरमोजणी द्यायची की नाही, हे आपल्याकडे बहुतांशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे. तो कारणं लिहून मागणी फेटाळू शकतो. गडबडीच्या, दडपणाच्या त्या तासाभरात एका अधिकाऱ्यावर हा भार टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतं पुन्हा तपासावीत, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. ही दिशा योग्य आहे. तीच पुढे न्यावी. अमुक मतांच्या किंवा अमुक टक्क्यांच्या आत फरक असेल तर मागणी न करता फेरमोजणी होईल, आणि त्या मतदारसंघातल्या सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हाताने मोजल्या जातील, असं कायद्यातच लिहावं. सतरा-सी नमुन्यांची सगळी माहिती उमेदवाराने मागायची वाट न पाहता जाहीर करावी. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा आज म्हणतो, पण प्रत्यक्षात कित्येकदा पुढची निवडणूक येते तरी निकाल येत नाही. वॉशिंग्टनचा खटला मतदानानंतर सुमारे सात महिन्यांत संपला होता. उशिरा आलेल्या निकालाने कुणालाच काही पटत नाही.

यातली कोणतीही मागणी कोणत्याही एका पक्षाच्या फायद्याची नाही. आज जिंकलेला उद्या हरणार आहे. त्या दिवशी त्यालाही उघडी वही लागणार आहे. म्हणून हे नियम करायची योग्य वेळ म्हणजे जेव्हा कुणाचाही निकाल टांगणीला लागलेला नसतो तेव्हाची, म्हणजे आजची. मतदार म्हणून आपणही दोन गोष्टी कराव्यात. आपला उमेदवार हरला तर पुराव्याशिवाय घोटाळ्याची हाकाटी करू नये. आणि आपला उमेदवार जिंकला तर हरलेल्याने मागितलेल्या तपासणीला 'रडीचा डाव' म्हणू नये. ती तपासणी झाली तर आपल्या विजयाचाच पाया पक्का होतो. ज्या शिक्षकांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासारख्या हजारो माणसांनी रात्र-रात्र जागून जुळवलेल्या आकड्यांचा मान राखायचा तर तो आकडा सगळ्यांना तपासता आला पाहिजे, आणि तसा कायदा करून घेणं हे तुमचं-माझं काम आहे.